दमाचा हिशेब

मराठीत दम लागतो, दम खावा लागतो, दम धरावा लागतो आणि वर्गात पोरांना दम द्यावाही लागतो. उर्दूत दम फुलतो, दम घुटतो, माणूस घडीभर दम घेतो आणि शेवटी दम तोडतो. जिवाभावाचा मित्र 'हमदम' असतो, म्हणजे ज्याचा नि आपला श्वास एक आहे असा. बिर्याणीच्या देगीलाही दम द्यावा लागतो. उर्दू शाळेत शिकवायचे आणि शाळेबाहेर मराठीत जगायचे, असा आमचा रोजचा व्यवहार असल्यामुळे असे शब्द दोन्ही घरांत ये-जा करताना दिसतात आणि त्यांची गंमत वाटते.

फारसीतल्या 'दम'चा अर्थ श्वास, आणि क्षणसुद्धा. 'दम-ब-दम' म्हणजे क्षणोक्षणी, श्वासागणिक. संस्कृतातही एक 'दम' आहे. तो 'शम'च्या जोडीने येतो आणि त्याचा अर्थ इंद्रियांवरचा ताबा. दोन्ही शब्दांची घराणी वेगळी, पण मराठीत येऊन ते शेजारी-शेजारी राहू लागले. 'जरा दम धर' असे कुणी म्हणते तेव्हा ते श्वासाबद्दल बोलत असते की संयमाबद्दल, हे वेगळे काढता येत नाही. गेली चार वर्षे आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी धावतो आणि धावताना श्वासाकडे लक्ष ठेवतो. या दोन दमांची गाठ कुठे पडते ते आम्हाला तिथल्या वाळूत कळले. त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

आम्ही मूळचे मालेगावचे, यंत्रमागांच्या गावचे. बी.एड. झाल्यावर नोकरीसाठी मालवण तालुक्यात आलो. कोकणातल्या उर्दू शाळांत मालेगाव, खानदेश, मराठवाड्याकडून आलेले शिक्षक पुष्कळ भेटतील. त्यांतलेच आम्ही एक. धावण्याचा आणि आमचा काही संबंध नव्हता. तो आला आजारातून. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आम्ही अंथरुणाला खिळलो. इस्पितळात जावे लागले नाही, पण खोलीतून न्हाणीघरापर्यंत गेलो तरी धाप लागायची. घरातली सगळी माणसे आमच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या आकड्याकडे बघत बसायची. त्यातून जरा उठतो आहोत तोच १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले. माड पडले, घरांची कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले. मालवणात कित्येक दिवस वीज नव्हती. त्या रात्री ऑक्सिमीटरचे सेल संपले आणि नवे आणायला दुकान उघडे नव्हते. आमच्या बेगमनी अंधारात आमच्या छातीवर हात ठेवला आणि श्वास मोजायला सुरुवात केली. मिनिटाला चोवीस. पुन्हा मोजले, बावीस. मग आम्हीही त्यांच्याबरोबर मोजू लागलो. मोजता मोजता श्वास अठरावर आले आणि आम्हाला झोप लागली. औषध बदलले नव्हते, वादळही थांबले नव्हते. श्वासाकडे कुणी मायेने लक्ष दिले की त्याची घाबरगुंडी कमी होते, एवढे त्या रात्री लक्षात राहिले.

पुढे डॉक्टरांनी तपासून रोज चालायला सांगितले. चालण्यातून हळूहळू धावणे आले. आमची गती सांगण्यासारखी नाही. शर्यतीत उतरलो तर शेवटून पहिले येऊ. पण दांडीच्या किनाऱ्यावरून निघून वायरीच्या बाजूने तारकर्लीकडे जायचे आणि परत फिरायचे, हा क्रम पावसाळा सोडला तर सहसा चुकत नाही. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला माड, आणि परत येताना समोर शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग. एवढे सगळे डोळ्यांसमोर असताना नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या हवेकडे लक्ष ठेवणे वाटते तितके सोपे नाही.

किनाऱ्यावर धावायचे तर घड्याळाच्या आधी चांद बघावा लागतो. भरती-सुकतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चांदाच्या पहिल्या-दुसऱ्या आणि पंधराव्या-सोळाव्या तारखेला फजरच्या सुमारास सुकती असते. पाणी खूप मागे जाते आणि ओली, घट्ट वाळू रस्त्यासारखी उघडी पडते. त्यानंतर सात-आठ दिवसांनी त्याच वेळी भरती असते आणि पायाखाली उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. ज्याला हिजरी तारीख तोंडपाठ आहे, त्याला मच्छीमारांचे उधाण आणि भांग समजायला वेळ लागत नाही. १९९८ साली बेल्जियमच्या संशोधकांनी मोजून दाखवले की घट्ट जमिनीपेक्षा वाळूत धावायला सुमारे १.६ पट शक्ती खर्च होते. आमच्या छातीला हा आकडा त्यांच्या आधी ठाऊक झाला होता. घट्ट वाळूत जो श्वास चार पावले पुरतो तो कोरड्या वाळूत दोनच पावले पुरतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. गती कमी करायची आणि श्वास जे सांगतो ते ऐकायचे.

सुरुवातीला लोकांना आमचे हे धावणे विचित्र वाटले. डोक्यावर फजरची टोपी तशीच, पायात कॅनव्हासचे बूट, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत चाललेला मास्तर. होडीला रंग लावत बसलेल्या एकाने विचारलेही, "मास्तरानू, पाठी कुत्रो लागलो काय?" आम्ही हात हलवला आणि पुढे गेलो. उत्तर द्यायला थांबलो असतो तर मोजणी चुकली असती.

वाचकांपैकी कुणाला करून बघायचे असेल तर आमची रीत साधी आहे. पहिली दहा मिनिटे नुसते चालायचे. तोंड मिटलेले, लक्ष नाकपुड्यांशी. हवा आत येताना गार लागते, बाहेर जाताना कोमट, एवढेच बघायचे. मग हळू धावायला लागायचे. तीन पावलांत श्वास आत, तीन पावलांत बाहेर. मऊ वाळू किंवा चढ आला की दोन आणि दोन. पोट पुढे-मागे हलते आहे ना, खांदे कानांकडे चढत नाहीत ना, हे मधूनमधून पाहायचे. पावले आणि श्वास जुळले की मोजणे सोडून द्यायचे आणि नुसते ऐकायचे. वेग वाढला की नाक पुरत नाही, तोंड उघडावे लागते, उघडावे. त्यात हार नाही. धाप लागते तेव्हा वाटते की हवा कमी पडली. बहुतेक वेळा ही घंटा वाजवतो तो आत साठलेला कार्बन डायऑक्साइड. म्हणून घाईघाईने आत ओढण्यापेक्षा श्वास पुरता बाहेर सोडणे जास्त कामाला येते.

गती बरोबर आहे की नाही याची एक जुनी कसोटी आहे. धावता धावता एक अख्खे वाक्य बोलता आले पाहिजे. शाळेच्या मैदानावर आम्ही मुलांना तेराचा पहाडा म्हणत धावायला लावतो. 'तेरह छक्के अठहत्तर'पाशी जो अडकतो त्याला विचारतो, पहाडा येत नाही की दम पुरत नाही? खरे उत्तर काय ते हसण्यावरून कळते.

आणि मन? ते तर पहिल्या शंभर पावलांतच पळून जाते. पगारबिल, ऑनलाइन भरायची राहिलेली माहिती, मालेगावला अम्मीचे गुडघे, मुलीच्या शाळेचा दप्तर-खर्च. पळाले हे लक्षात आले की त्याला श्वासापाशी परत आणायचे. रागवायचे नाही. वर्गात एखादा मुलगा खिडकीबाहेर बघताना दिसला तर त्याला हळूच नावाने हाक मारावी लागते. ओरडलो तर तो वर्गात येतो, पण धड्यात येत नाही. मनाचेही तसेच. एका सकाळी त्याला चाळीस-पन्नास वेळा तरी हाक मारावी लागते. हा हाक मारण्याचा सराव हीच सगळी कमाई आहे, असे आम्हाला आता वाटते. तो पुढे वर्गातही उपयोगी पडतो. सातवीच्या वर्गात गोंधळ माजला की आवाज चढवण्याआधी आमचा एक श्वास पुरता बाहेर जातो. मुलांना त्याचे कारण ठाऊक नाही.

या विषयावरचे एक संशोधन आमच्या फार आवडीचे आहे. १९८३ साली ब्रॅम्बल आणि कॅरियर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी धावणाऱ्या प्राण्यांचे आणि माणसांचे श्वास मोजले. चौखूर उधळणाऱ्या घोड्याचा श्वास त्याच्या टापांना बांधलेला असतो. एक झेप, एक श्वास. पुढच्या पायांवर सगळा भार आला की छाती दाबली जाते, पोटातला ऐवज पुढे-मागे हलतो आणि त्याबरोबर हवा आत-बाहेर होते. त्या वेगात घोड्याला दुसरा मार्गच नसतो. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याची छाती या भारातून सुटली. त्यामुळे माणूस दोन झेपांना एक श्वास घेऊ शकतो, तिनाला एक, चाराला एक, पाचाला दोनसुद्धा. बदलावेसे वाटले तर धावता धावता बदलू शकतो.

हे वाचल्यावर आम्हाला सूरह आदियात आठवली. धापा टाकत दौडणाऱ्यांच्या शपथेने तिची सुरुवात होते. बहुतेक मुफस्सिरांनी ते घोडे मानले आहेत. त्या घोड्यांवरून सूरह थेट माणसाच्या नाशुक्रीकडे वळते. लहानपणी मकतबात ती पाठ करताना घोड्यांचा आणि नाशुक्रीचा संबंध काय, हे कळत नसे. मुफस्सिरांनी त्याची उत्तरे दिलेली आहेत, आणि आम्ही काही आलिम नव्हे. पण किनाऱ्यावर धावताना मनात येते की घोड्याला जी मोकळीक नाही ती आपल्याला आहे. आपला श्वास आपण निवडू शकतो. आणि आयुष्यातले किती श्वास आपण त्याच्याकडे एकदाही न बघता घेऊन टाकतो.

श्वासाचे आमचे दुसरे शिक्षण रापणीवर झाले. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळात टाकतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि मग दोन बाजूंना माणसांच्या दोन रांगा ते ओढतात. टाचा वाळूत रोवून, मागे रेलून, तास-तास, दीड-दीड तास. एक सत्तरी ओलांडलेले चाचा अजून दोराला हात लावायचे. त्यांच्या शेजारी एकदा आम्हीही उभे राहिलो. आमची धाप ऐकून ते म्हणाले, "मास्तरानू, दोर हातान ओढुचो नसता, दमान ओढुचो असता." मग त्यांच्याकडे नीट पाहिले. दोर मागे येताना श्वास बाहेर, हात पुढे सरकवताना आत. साऱ्या रांगेचा श्वास असाच चालला होता. कुणी शिकवलेला नाही, कुणी मोजत नाही. चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली, "दम धरूक व्हयो, कोंडूक न्हय." आमचा एक माजी विद्यार्थी किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेतो. पाण्यात उतरण्याआधी तो सगळ्यांना पहिला नियम हाच सांगतो की खाली गेल्यावर श्वास कोंडायचा नाही, चालू ठेवायचा. कोंडून वर आले तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. रापणकर चाचा आणि स्कूबावाला पोरगा, दोघांनी एकमेकांचे कधी ऐकलेले नाही.

आता एक नाजूक बाजू. आमच्या समाजात श्वासावर लक्ष म्हटले की काही भुवया वर जातात. महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांत 'मित्र उपक्रम' आणला. मुलांनी डोळे मिटून दहा मिनिटे आपल्या नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यायचे, त्याला आनापान म्हणतात. हे सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना परंपरेतले. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून ते शिकवले जाते. आनापानाचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत एखादा सहकारी हळूच विचारतो, "सर, ये अपने में चलता है क्या?" प्रश्न कुत्सित नसतो, प्रामाणिक असतो. त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवे.

आमचे उत्तर असे. बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवान गावचे ख्वाजा अब्दुल खालिक गिज्दुवानी यांच्या नावावर नक्शबंदी सिलसिल्याची काही सूत्रे सांगितली जातात. त्यांतले पहिलेच सूत्र 'होश दर दम', म्हणजे श्वासागणिक सावध असणे. दुसरे 'नजर बर कदम', म्हणजे नजर आपल्या पावलावर. धावणाऱ्याला याहून नेमकी सूचना आजचा कोणता प्रशिक्षक देईल? चिश्तींकडेही श्वासाची राखण आहे, तिला 'पास-ए-अन्फास' म्हणतात. आणि हे काही लांबच्या मुलुखातले नाही. औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आपण सहलीला जाऊन पाहतो. ती ज्यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे ते बाबा शाह मुसाफिर नक्शबंदी होते आणि त्याच गिज्दुवानहून औरंगजेबाच्या काळात दख्खनमध्ये आले होते. श्वासाच्या राखणीचा हा विचार आपल्या महाराष्ट्रात येऊन तीनशे वर्षे झाली. मुलांना आपण तिथे चक्की दाखवतो, पाण्याचा नळ दाखवतो, पण 'होश दर दम' सांगायचे राहून जाते.

यावरून सगळे एकच आहे असे आम्ही म्हणत नाही. सूफींच्या रियाजात श्वासाबरोबर अल्लाहचे नाव असते. आनापानात कोणतेच नाव जोडायचे नाही, असा त्यांचा नियम. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासला. प्राणायामात श्वास ठरवून बदलायचा असतो. वाटा वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या राहिल्या तर बिघडत नाही. पण श्वास स्वतः कोणत्या जमातीचा नाही. तो बाळाबरोबर येतो. अजान त्याच्या कानात त्यानंतर पडते. जमात उभी राहिली तरी मशिदीकडे धावत जाऊ नये, सुकूनने जावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. धापा टाकत सफेत उभा राहिलेल्या माणसाचे मन कुठे असते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला श्वासाचा आणि मनाचा संबंध आणखी समजावून सांगावा लागत नाही.

खरे म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी आमचे अब्बा आहेत. चाळीसेक वर्षे त्यांनी मालेगावात दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवले. यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्यांनी पाय ठेवला आहे त्यांना तो खटखटाट ठाऊक असेल. तिथे शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते; स्वतःचा श्वास ऐकू येणे तर दूरच. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. पापण्यांवर, मिशांवर पांढरे बसते, ते छातीतही जाते. मालेगावात सुट्टी जुम्म्याची. अब्बांची छाती शनिवारी जास्त आवळायची. आम्हाला वाटे, सुट्टीनंतर कामावर जायचा कंटाळा असेल. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजारात सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास वाढतो, हे वैद्यकाने फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. मालेगावच्या मजुराच्या कानापर्यंत ते कुणी पोचवले नव्हते. मालक मीटर मोजायचा. किती मीटर कापड उतरले त्यावर मजुरी. अब्बांचा श्वास मागाच्या गतीला बांधलेला होता, त्या घोड्याच्या श्वासासारखा. २०१६ साली ते गेले. शेवटच्या वर्षी ते ओट्यावर बसून हळूहळू श्वास घ्यायचे, आणि आम्ही सुट्टीत गेलो की विचारायचे, "समुंदर की हवा कैसी है?"

आम्ही धावतो तेव्हा हा प्रश्न बरोबर असतो. कष्टकऱ्यांच्या घरात श्वास दुसराच कुणीतरी मोजत आलेला आहे. मागाची खटखट, शाळेची घंटा, परीक्षेचे घड्याळ, भरतीची शिट्टी. आपला श्वास अर्धा तास आपणच मोजायचा, तोही कशाच्या बदल्यात नाही, ही साधी गोष्ट आमच्या घराण्यात पहिल्यांदा घडते आहे. तंदुरुस्ती, वजन, रक्तदाब हे फायदे असतील ते असोत. आमच्यासाठी हा फायदा त्याहून मोठा आहे.

अर्थात घड्याळातून कुणाची सुटका नाही, आणि आमच्या मुलांची तर नाहीच. आमच्या शाळेतून दहावी होऊन पुढे बारावी झालेली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. रापणकर चाचांची ती नात. वडील ट्रॉलरवर खलाशी. तिला पोलीस भरतीत उतरायचे होते. भरतीत मुलग्यांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ती म्हणाली, "सर, दो सौ मीटर के बाद दम फूल जाता है." मोहल्ल्यात कुजबुज होतीच. मुलीने किनाऱ्यावर धावायचे, तेही पुरुषांच्या देखत? चाचांनी मशिदीबाहेर एकाला विचारले, "रापणीत बायो मासळी उचलतत तेव्हा तुका दिसाक नाय?" आम्ही वेगळी गोष्ट आठवून दिली. हजरत आयेशा (रजि.) यांनी पैगंबरांबरोबर (स.) शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे काही काळाने पैगंबर जिंकले. हदीसमध्ये हे आलेले आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊकही आहे. फक्त आपल्या घरातल्या मुलीचा प्रश्न आला की ते आठवत नाही.

ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता, ट्रॅक पँट आणि ओढणी घट्ट बांधून यायची. पहिला महिना आम्ही तिला घड्याळ दाखवलेच नाही. दोन पावलांत आत, दोन पावलांत बाहेर, आणि पहिले दोनशे मीटर मुद्दाम सावकाश. तिला हे पटेना. सगळ्या मुली पुढे निघून जातील आणि आपण मागे राहू, ही भीती. आम्ही म्हटले, त्या दोनशे मीटरांत त्यांच्याकडे बघू नकोस, श्वास ऐक. ती चिडायची, पण ऐकायची. दुसऱ्या महिन्यात तिच्या लक्षात आले की पुढे गेलेल्या मुली पाचशे मीटरला तिच्या मागे असतात. शेवटच्या शंभर मीटरला मोजणे सोडून द्यायचे आणि जे आहे ते देऊन टाकायचे, असे ठरले होते. चार महिन्यांत तिची वेळ अर्ध्या मिनिटाहून अधिक कमी झाली. मुलांना आम्ही बीडच्या अविनाश साबळेचे उदाहरण देतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याला रौप्य मिळाले आणि सुवर्ण हुकले ते फक्त ०.०५ सेकंदाने. एका श्वासाचाही तो एक तुकडाच. तेव्हा घड्याळाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पण घड्याळ शेवटी बघायचे असते, सुरुवातीपासून नाही.

ओरोसच्या मैदानावर ती चांगली धावली. लेखी परीक्षेत थोडक्या गुणांनी यादीबाहेर राहिली. वाईट वाटले, तिलाही, आम्हालाही. आठवडाभर ती किनाऱ्यावर आली नाही. मग एका सकाळी आली ती आणखी दोन मुलींना घेऊन, आणि आम्ही पोचायच्या आधीच त्यांना पावले मोजायला शिकवत होती. पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. अंकगणित आम्ही बघतो, मराठी व्याकरण शेजारच्या मराठी शाळेतल्या बाई बघतात. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांचे गुण तिथेच जातात, त्याला श्वासाचा इलाज नाही. अभ्यासच करावा लागतो.

एवढे लिहिल्यावर एक खबरदारीही सांगायला हवी. दमा, हृदयाचा त्रास, रक्तदाब असलेल्यांनी, कोरोनात ज्यांची फुप्फुसे जास्त दुखावली त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये. चालतानाही हे सगळे करता येते. छातीत कळ आली, चक्कर आली तर थांबावे आणि दवाखाना गाठावा. तिथे श्वासाकडे नुसते लक्ष देत बसण्यात शहाणपण नाही. ज्यांच्याजवळ किनारा नाही त्यांना शाळेचे मैदान आहे, कब्रस्तानालगतचा रस्ता आहे, मालेगावात मोसम नदीचा काठ आहे. आमची अम्मी गुडघ्यांमुळे घरातल्या घरात फिरते. फोनवर आम्ही तिला मोजायला सांगतो आणि ती म्हणते, मोजते रे, पण मोजता मोजता तुझ्या अब्बांची आठवण येते आणि आकडा चुकतो. आम्ही म्हणतो, चुकू दे, पुन्हा एकपासून सुरू कर.

उद्या चांदाची सोळावी आहे. फजरनंतर सुकती मिळेल आणि दांडीपासून तारकर्लीपर्यंत वाळू घट्ट असेल. त्या तिघी मुली येणार आहेत. चाचांना आता दोर ओढवत नाही, पण उलट्या घातलेल्या होडीवर बसून ते आमचे श्वास मोजतात आणि कुणाचा चुकला तर लांबूनच ओरडतात.